मराठीचा तास

वाङ्मयाची आवड माणसाला कशी लागते, असें कोणीं विचारलें तर आपण बहुधा ग्रंथालयाकडे बोट दाखवितों. घरांत पुस्तकें असावीं, वडील मंडळी वाचणारी असावी, गांवांत एखादें चांगलें वाचनालय असावें, म्हणजे मूल आपोआप वाचूं लागतें, अशी आपली समजूत आहे. ती खोटी नाहीं. परंतु आमच्या मराठवाड्यांत अशीं घरें कितीशीं होतीं? लातुरास पुण्याचें पुस्तक यावयाचें तें बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीनें, आणि तें ज्यांच्या दारीं उतरे अशीं घरें हाताच्या बोटांवर मोजतां येत. नांदेडची स्थिति याहून थोडी बरी. पण फार निराळी नव्हे. तरीहि या भागांत चोखंदळ वाचक निपजले, कवि निपजले, टीकाकार निपजले. ते कोठून आले? सर्वांचें उत्तर मी देऊं शकणार नाहीं. माझ्यापुरतें उत्तर मात्र मला ठाऊक आहे. शाळेच्या वेळापत्रकांत एक लहानसा चौकोन असतो, त्यांत तें सांपडतें. त्या चौकोनांत 'मराठी' एवढाच शब्द लिहिलेला असतो. त्या तासाविषयीं मी आज बोलणार आहें.

मी साहित्यिक नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. माझी सारी नोकरी बँकेच्या खातेवह्यांत गेली. तेव्हां हें भाषण एका साध्या वाचकाचें आहे, आणि त्या नात्यानेंच तें आपण ऐकावें.

आजच्या तरुण श्रोत्यांना या प्रांतांतील मराठीच्या तासाची पूर्वपीठिका कदाचित् ठाऊक नसेल. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील एक जिल्हा. लातूर हें त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील एक गांव. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो पुष्कळ पुढें, १६ ऑगस्ट १९८२ रोजीं. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. परकीय इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचें श्रेय त्या विद्यापीठास दिलेंच पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. गोदाकांठच्या मराठी मुलाला भूमिति, इतिहास, शास्त्र हें सारें उर्दूच्या द्वारानें शिकावें लागे. मराठी त्याला भेटे ती घरीं, देवळांत, कीर्तनाच्या रंगांत आणि बाजारांत. परभणी जिल्ह्यांतील सातोन्याचे बी. रघुनाथ यांनीं सरकारी बांधकाम खात्यांत कारकुनी करीत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ सालीं ऐन चाळिशींत ते निवर्तले. दिवसभर एका भाषेंत नोकरी आणि रात्रीं दुसऱ्या भाषेंत कविता, अशी ही दुहेरी राहणी त्या पिढीच्या अंगवळणीं पडलेली होती.

पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९६० सालीं आपण सारे महाराष्ट्रवासी झालों. सनावळी सांगण्यास मिनिटभर लागलें. पण या बारा वर्षांत शाळांच्या वर्गांत एक विलक्षण स्थिति उत्पन्न झाली होती. जे शिक्षक स्वतः उर्दूंतून शिकलेले, त्यांच्यावरच मराठींतून शिकविण्याची पाळी आली. आणि जीं पाठ्यपुस्तकें आमच्या हातीं पडलीं, त्यांतील मराठी ही आमच्या घरची मराठी नव्हती. आम्ही 'करूलालो', 'जाऊलालो' म्हणणारीं लातूरकडचीं मुलें. पुस्तकांतील भाषा आम्हांस परगांवच्या पाहुण्यासारखी वाटे. तिच्यासमोर नीट बसावें, कमी बोलावें, आणि ती गेली म्हणजे मोकळा श्वास घ्यावा.

मी आठवींत होतों तें साल १९६२. मराठी शिकविणाऱ्या आमच्या गुरुजींचें सारें शिक्षण उर्दूंतून झालेलें होतें. हजेरीपटाच्या कडेला ते बारीक टिपणें करीत तीं अजूनहि उर्दू लिपींत. अंगांत बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि आवाज इतका हळू कीं मागच्या बांकावरील मुलांना कान द्यावा लागे. त्या दिवशीं धड्याला संत जनाबाईचा एक अभंग होता. दळण दळतांना पांडुरंग आपल्या सोबतीला येतो, अशा भावाचा तो अभंग. एका मुलानें तो वाचला. दुसऱ्यानें कठीण शब्दांचे अर्थ सांगितले. आतां भावार्थ लिहून घ्यावयाचा, म्हणून आम्हीं टांक दौतींत बुडविले.

गुरुजींनीं पुस्तक मिटलें आणि विचारलें, "कोणाकोणाच्या घरीं जातें आहे?"

वर्ग हंसला. जातें नाहीं असें घर कोणाचें असणार! सगळे हात वर झाले.

"पहाटे दळतांना तुमची आई काय म्हणते?"

सगळे हात खालीं आले. कोणी बोलेना. आई जात्यावर जें म्हणते तें शाळेंत सांगण्यासारखें असतें, हें आमच्या स्वप्नींहि नव्हतें. गुरुजी म्हणाले, "उद्यां प्रत्येकानें घरून एक ओवी आणावी. लिहून नको, पाठ करून आणावी."

दुसऱ्या दिवशीं बहुतेक मुलें रिकाम्या हातानेंच आलीं. दोघांचौघांनीं पुस्तकांतलेच श्लोक म्हणून दाखविले. शेवटीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील गंजांत हमाल होते, आणि आई चार घरचें दळण दळी. तो वर्गांत कधीं तोंड उघडीत नसे. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, नजर जमिनीवर, अशा स्थितींत त्यानें एक ओवी म्हटली. पंचमीचा सण जवळ आलेला आहे. सासरीं असलेली बहीण माळाकडे पाहते. दूर वाटेवर धूळ उठलेली दिसते, ती आपल्या भावाच्या बैलांची असावी असें तिला वाटतें. पण धूळ जवळ येते आणि दुसऱ्याच वाटेला वळते. एवढाच त्या ओवीचा आशय. तींत एक अगदीं गांवठी शब्द आला तेव्हां कांहीं मुलें हंसलीं.

गुरुजी कोणावर रागावले नाहींत. त्यांनीं खडू घेतला, आणि ती ओवी जशीच्या तशी, त्या गांवठी शब्दासह, फळ्यावर लिहिली. मग विचारलें, "ही कोणाची?"

"माझ्या मायची."

"तिला कोणीं शिकविली?"

"तिच्या मायनं."

पाठ्यपुस्तकांत अभंगाखालीं जनाबाईचें नांव छापलेलें होतें. गुरुजींनीं फळ्यावरील ओवीखालीं त्या मुलाच्या आईचें नांव विचारून घेऊन लिहिलें. हंसणें थांबलें. नंतर त्यांनीं अभंगाचीं अक्षरें बोटांवर मोजून दाखविलीं: आठ आणि आठ. मग ओवीचीं मोजलीं. तीं सारखीं भरेनात. "आतां उजवा हात जात्याच्या खुंट्यावर आहे असें समजा आणि फिरवा," ते म्हणाले. चाळीस मुलें हवेंत जातें फिरवूं लागलीं, आणि त्या फेऱ्यावर ओवी म्हणतांच तिची ओळन् ओळ बरोबर बसली. कोठें स्वर लांबला, कोठें आखडला. पण फेरा चुकला नाहीं. मात्रा आणि गण हे शब्द आम्हीं पाठ केलेले होते. छंद म्हणजे काय तें आमच्या हाताला त्या दिवशीं कळलें.

पण माझ्या आयुष्याला लागलेलें वळण याच्याहि पुढचें आहे. गुरुजींनीं शेवटीं एक प्रश्न विचारला. "या बाईला भावाची आठवण येते, असें ओवींत कोठें म्हटलें आहे तें दाखवा."

आम्ही फळ्याकडे पाहत राहिलों. आठवण हा शब्द तींत नव्हता. दुःख नव्हतें, अश्रु नव्हते. धूळ होती, वाट होती, बैल होते.

"नाहीं ना? मग तुम्हांला तें कळलें कसें?"

या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं दिलें नाहीं. तास संपल्याची घंटा झाली, आणि ते हजेरीपट काखेंत घेऊन निघून गेले. मी मात्र त्या फळ्यासमोर खिळून राहिलों. जें सांगितलें नाहीं तेंच सर्वांत स्पष्ट ऐकूं यावें, ही काय जादू आहे? श्रोतेहो, पुढें मीं जें कांहीं वाचलें तें सारें या एका प्रश्नाच्या पाठीमागें लागून वाचलें आहे.

त्या रात्रीं मीं माझ्या आईला ओव्या विचारल्या. तिला अक्षरओळख नव्हती. प्रथम ती लाजली. मग चुलीसमोर बसून सांगूं लागली, आणि माझी वही पुरेना. जिच्याजवळ एकहि पुस्तक नाहीं अशा माणसापाशीं एवढें वाङ्मय असूं शकतें, हें मला तेव्हां कळलें. कांहीं दिवसांनीं गुरुजींनीं साने गुरुजींचें 'स्त्री जीवन' हातीं ठेवलें. बायकांच्या ओव्या गोळा करून एका मोठ्या माणसानें त्यांचा ग्रंथ केला आहे, हें पाहून माझ्या वहीची किंमत मलाच वाढल्यासारखी वाटली. पुढें तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं हजाराहून अधिक गांवीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्या जनाबाईपासून आमच्या तासाचा आरंभ झाला, ती गंगाखेडची. म्हणजे नांदेडच्या वरच्या अंगास, त्याच गोदेच्या कांठची. 'माय' आणि 'लेकरूं' हे ज्यांना आम्ही गांवठी म्हणून लपवीत होतों ते शब्द संतांच्या अभंगांत मानानें नांदत होते. परगांवची पाहुणी वाटणारी मराठी ही आपलीच मावशी निघाली.

पुढें कॉलेजासाठीं मी नांदेडास मामांच्या घरीं राहिलों, आणि वर्गाच्या भिंती किती दूरवर नेतां येतात तें तेथें पाहिलें. त्या काळीं नांदेडास नरहर कुरुंदकर होते. १५ जुलै १९३२ रोजीं जन्मलेले, वसमतकडचे हे गृहस्थ आधीं प्रतिभा निकेतन शाळेंत शिक्षक होते. मग पीपल्स कॉलेजांत मराठीचे प्राध्यापक आणि शेवटीं तेथेंच प्राचार्य झाले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेस मराठीचे अध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारे. उर्दूच्या राजधानींत बसून मराठी काव्याचा असा सूक्ष्म विचार करणारा गुरु घरांतच लाभणें, हें भाच्याचें भाग्य. तरीहि हाच भाचा इंटरच्या परीक्षेंत एकाहून अधिक वेळां अनुत्तीर्ण झाला होता! मराठी कादंबरीवरचा 'धार आणि कांठ' त्यांनींच लिहिला, आणि रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ची प्रदीर्घ प्रस्तावनाहि त्यांचीच. नाट्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत कोणत्याहि विषयावर ते बोलत, तेव्हां ऐकणाऱ्याला आपणच विचार करीत आहों असें वाटे. मीं तीं भाषणें श्रोत्यांत मागें बसून ऐकलेलीं आहेत. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस एका सभेंत व्यासपीठावरच त्यांना मृत्यु आला. वय पन्नासाच्या आंतच. नांदेडच्या किती घरांत त्यांच्यामुळें पुस्तकें शिरलीं, याची मोजदाद कोणत्याहि गुणपत्रिकेंत सांपडणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, हें सारें रम्य आहे. पण व्यवहारांत याचा उपयोग काय? हिशेबाच्या माणसानें या प्रश्नाला उत्तर दिलेंच पाहिजे, म्हणून एक अनुभव सांगतों.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशींच गणपतींचें विसर्जन झालेलें. माणसें दमून झोंपलेलीं. दगडामातीचीं घरें झोंपलेल्यांवर कोसळलीं, आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. किल्लारी आणि सास्तूर हीं नांवें त्या दिवसापासून सगळ्या देशाला ठाऊक झालीं. कांहीं आठवड्यांनीं आम्हां बँकेच्या लोकांना तिकडील गांवांत पाठविण्यांत आलें. मृतांचीं खातीं कोणतीं, वारस कोण, याची नोंद करावयाची होती. पत्र्याच्या निवाऱ्यासमोर एक म्हातारी बसली होती. मीं तिला मुलाचें नांव विचारलें. तिनें नांव सांगितलें नाहीं. तिनें एक ओवी म्हटली. तींत मुलाचें नांव नव्हतें, मरणाचा उल्लेख नव्हता. दारांतल्या रिकाम्या दावणीची गोष्ट होती. माझ्या बरोबरचा तरुण कारकून चांगला होता, कामसू होता. तो अर्ज पुढें करून म्हणाला, "आजी, नांव सांगा, नांव." मीं त्याचा हात धरला, आणि लेखणी खालीं ठेवली. तिच्या चार ओव्या होईपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलों. मग तिनें आपण होऊन नांव सांगितलें, आणि अर्जावर आंगठा उठविला.

तें काम अर्ध्या तासानें लांबलें. परंतु लेखणी केव्हां खालीं ठेवावी हें मला बँकेच्या कोणत्याहि नियमावलींत शिकावयास मिळालें नव्हतें. ज्या तासाला दावणींतून मुलगा आणि धुळींतून भाऊ ऐकावयास शिकविलें, त्या तासाचा हा उपयोग. डॉक्टराला, वकिलाला, तलाठ्याला, दुकानदाराला, ज्यांना ज्यांना माणसांशीं काम पडतें त्या सर्वांना तो लागतो.

आणि म्हणूनच आज मला थोडी काळजी वाटते. लातूर हें आतां शिक्षणाचें मोठें केंद्र झालें आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येथें खोल्या घेऊन राहतात. नांदेडासहि तोच ओघ आहे. याची निंदा मी करणार नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी डॉक्टर होते ती या पद्धतीच्या बळावर, हें मीं कर्जाच्या कागदांवर सही करतांना डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. ज्या बापानें त्यासाठीं जमीन गहाण टाकली, त्याला 'मुलीला कविता वाचूं द्या' असें सांगणें ही त्याची थट्टा होईल, हेंहि मला कळतें. परंतु या परीक्षांत मराठीला एकहि गुण नाहीं. आणि ज्याला गुण नाहीं त्याचा तास प्रथम आखडतो, मग दुसऱ्या विषयाला उसना जातो, आणि शेवटीं वेळापत्रकांत केवळ नांवापुरता उरतो. २०२० सालीं महाराष्ट्रांत शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण कायदा तास देऊं शकतो. त्या तासाला पुस्तक मिटून प्रश्न विचारणारा गुरुजी कायद्यानें मिळत नाहीं. तो गुरुजी मिळावयाचा तर त्याला घाईंतून मोकळा वेळ द्यावा लागतो, आणि त्याच्या वर्गांत कांहीं तरी मोलाचें घडतें आहे असा विश्वास पालकांना वाटावा लागतो.

तेव्हां आपण ऐकणाऱ्या कुटुंबांनीं काय करावें? माझी सूचना लहान आहे. मुलाच्या शाळेंत जाल तेव्हां गणिताच्या आणि शास्त्राच्या शिक्षकांची भेट घेतांच. त्याच वेळीं मराठीच्या शिक्षकांनाहि भेटावें. या महिन्यांत आपण काय वाचलें, एवढें त्यांना विचारावें. ज्या शिक्षकाला वर्षभरांत कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्याला एवढ्यानेंहि बळ येतें. दुसरें असें कीं, घरीं आजी असेल तर मुलाला तिच्यापाशीं वही घेऊन बसवावें. जातीं आतां अडगळींत गेलीं. ओव्या मात्र अजून कांहीं ओठांवर आहेत, आणि ते ओठ ऐंशी-नव्वद वर्षांचे आहेत. ही वाट फार दिवस उघडी राहणार नाहीं. आणि तिसरें, मुलानें कविता वाचली तर 'अर्थ काय' असें एकदम विचारूं नये. 'यांत काय सांगितलेलें नाहीं?' असें विचारून पाहावें. उत्तर देण्यास त्याला वेळ लागेल. तो लागूं द्यावा.

प्रवेशपरीक्षा एका वर्षाची असते. तींत उत्तीर्ण झालेली आपलीं मुलें पुढें चाळीस वर्षें कोणाच्या ना कोणाच्या उशाशीं, दारांशीं, टेबलासमोर बसणार आहेत. समोरचें माणूस बहुधा आपलें दुःख नांव घेऊन सांगणार नाहीं. तें धुळीविषयीं, दावणीविषयीं बोलेल. त्या वेळीं ऐकूं येण्यासाठीं जो एक तास खर्च झाला असेल, तो वांया गेला असें माझ्या हिशेबांत तरी निघत नाहीं.